मान्सून आपल्याकडे टिकणार का, जमिनीवरून कसं ओळखायचं

केरळात मान्सून आल्याची बातमी आली की लगेच फोन सुरू, आपल्याकडे कधी, पेरायचं का. 2023 ला 8 जूनला केरळात आला, 11 ला रत्नागिरी गाठली आणि तिथेच बसला, मुंबईला यायला 25 जून उजाडला. म्हणून नुसती तारीख बघू नका.

आधी जरा गणित. मे मध्ये राजस्थान, सिंधची कोरडी जमीन भट्टीसारखी तापते, हवा वर जाते, कमी दाब तयार होतो आणि समुद्रावरचं वारं आत ओढलं जातं. इथपर्यंत शाळेत शिकलोय. पण वर तीनेक किलोमीटरवर वायव्येकडून कोरडी हवा येत असते, ती ढगाला वाढूच देत नाही. वळवाच्या पावसाने जमीन भिजलेली असेल तर ऊन माती तापवण्यापेक्षा पाण्याची वाफ करण्यात जास्त खर्च होतं, ती वाफ बारक्या ढगांतून वर जाते आणि तो कोरडा थर हळूहळू ओला होतो. मग मान्सूनला पुढे सरकायला वाट मिळते.

आता बघायचं कसं? मोबाईलवर विंडी हे हवामानाचं ॲप उघडा, आर्द्रतेचा लेयर लावा, उंची 700 एचपीए (हेक्टोपास्कल, हवेच्या दाबाचं एकक) करा, म्हणजे तोच तीनेक किलोमीटरवरचा थर. आपल्या डोक्यावर अजून कोरडं दिसतंय आणि वारं वायव्येचं आहे तर आलेली सर वळवाचीच धरा, कितीही गडगडाट होऊ दे. सोबत हवामान खात्याचा नकाशा रोज बघा, मान्सूनची उत्तर सीमा, म्हणजे मान्सून कुठपर्यंत पोचला ती रेषा, चार दिवस हललीच नाही तर थांबा.

मग शेतात जा. वीतभर खणा, खालची माती मुठीत दाबा. गोळा झालाच नाही, भुगा झाला तर ओल वरवरचीच आहे. काळ्या रानात भेगा मिटल्यात का तेही बघा. अंगणात सरळ कडांचा डबा ठेवून रोज पट्टीने मोजा, बेरीज 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय आणि वापसा (जादा पाणी मुरून माती पेरणीजोगी होणं) आल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका, एका सरीवर पेरून दुबार पेरणीचं बियाणं कोण देणार आहे?

आणि हो, ओली जमीन म्हणजे गॅरंटी नाही हं. 2025 ला मे मध्येच रानं चिंब होती, 26 मे ला मान्सून मुंबईतही आला, पण नंतर वाऱ्याचा जोर गेला आणि दोनेक आठवडे गडी जागचा हलला नाही. तेव्हा विंडीवर 850 एचपीएला, म्हणजे दीडेक किलोमीटरवर, पश्चिमेचं वारं जोरात आहे का, हेही बघून घ्या.