न्यूयॉर्कला नव्याने आलात? कोशेर शिधा मिळतो, मागून घ्या

शालोम मंडळी. ठाणे-मुंबई-अलिबागकडून इथे आलेल्या आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबांचा पगार आधी घरभाड्यात जातो, मग पोटाला चिमटा बसतो. त्यात कोशेर, म्हणजे आपल्या ज्यू आहारनियमांत बसणारं, चिकन साध्या चिकनपेक्षा बरंच महाग. म्हणून कुणी मिळेल ते खाऊ लागतं, कुणी नुसत्या वरणभातावर दिवस काढतं. दोन्हीची गरज नाही.

पहिलं नाव मस्बिया. २००५ पासून चाललेलं हे कोशेर अन्नछत्र. ब्रुकलिनमध्ये बरो पार्क आणि फ्लॅटबुश, क्वीन्समध्ये फॉरेस्ट हिल्स इथे ते आहे. शिजवलेलं जेवण मिळतं, घरी न्यायला शिधाही. दुसरं मेट कौन्सिल ही ज्यू मदतसंस्था. शहरभरच्या कोशेर शिधाकेंद्रांना माल तेच पुरवतात. जवळचं केंद्र कळत नसेल तर ३११ ला, म्हणजे शहराच्या माहिती क्रमांकाला, फोन लावा आणि ‘कोशेर’ हा शब्द आवर्जून उच्चारा, नाहीतर कुठल्याही केंद्राचा पत्ता देतील. अशा साध्या केंद्रावर गेलातच, तरी तांदूळ, डाळ, अंडी, न चिरलेली भाजी बिनधास्त घ्या. डब्यातलं मटण मात्र परत करा, कुणी रागावत नाही.

स्नॅपचं, म्हणजे सरकारी अन्नमदतीचं, कार्ड मिळालं, तर त्यावर कोशेर चिकन-मटण घ्या आणि डाळ-तांदूळ केंद्रावरून आणा. कोशेर महाग म्हणून सरकार जास्त पैसे देत नाही, तेव्हा हा हिशेब आपणच बसवायचा. दुकानातलं गरम तयार जेवण त्या कार्डावर येत नाही. ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं, १८ वर्षांखालच्या मुलांना ती अट नाही. घरात गरोदर बाई किंवा पाच वर्षांखालचं मूल असेल तर विक (WIC) या माता-बालकांच्या सरकारी आहार योजनेचीही चौकशी करा. साठीपुढच्या आईबाबांना, बाहेर पडणं झेपत नसेल तर, कोशेर डबा घरपोच मिळू शकतो. तोही ३११ वरच विचारा.

पाकिटावरच्या खुणा एकदा नीट समजून घ्या. गोलातला यू ही कोशेर असल्याची खूण; त्याशेजारी डी असेल तर ते दुधाचं, मटणाबरोबर चालणार नाही. शेजारचा पी म्हणजे पारवे (ना दुधाचं, ना मटणाचं) नव्हे, पेसाह (वल्हांडण) सणासाठी चालणारं. नुसता के दिसला तर कोणाची मान्यता आहे ते विचारा.

केंद्रावरून मिळणाऱ्या पेसाहच्या पेट्यांत मात्झा (बेखमीर रोटी), बटाटे भरपूर, पण तांदूळ नसतो. अश्केनाझी (मूळचे युरोपातले ज्यू) लोक तेव्हा भात खात नाहीत, आपण खातो. त्यामुळे तांदूळ आधीच घेऊन, निवडून ठेवा.