खाऱ्या हवेत मशिनी टिकवायच्या तर

पुण्याला बहिणीकडे आमच्याच वर्षी घेतलेला फ्रिज अजून कालच आणल्यासारखा दिसतो आणि हर्णैला आमच्या फ्रिजचा खालचा पत्रा बोट लावलं की पापडासारखा तुटतो. आम्ही समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, रात्री गाज ऐकू येते, पाव्हण्यांना ते फार आवडतं, फ्रिजला आवडत नाही.

सगळा घोळ मिठाचा आहे. वाऱ्याबरोबर येणारं मीठ पत्र्यावर, स्क्रूवर, प्लगच्या पिनांवर बसतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी पत्रा ओलाच, आणि आपल्याकडे पंचाहत्तर म्हणजे काय, बरेचसे दिवस तेवढी असतेच. त्यामुळे इथे मेंटेनन्स म्हणजे आधी मीठ पुसणं. पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढायचा, पंचा गोड्या पाण्यात घट्ट पिळून फिरवायचा आणि लगेच कोरड्या पंच्याने पुसायचं. नुसतं कोरडं फडकं मारून मीठ जात नाही, इकडचं तिकडे होतं.

फ्रिजच्या समोरच्या दाराला सगळेच पुसतात, गंज धरतो तो खाली, पायांपाशी आणि मागच्या बाजूला. लोखंडी स्टँड असेल तर तो आधी भंगारात द्या, प्लॅस्टिकचा घ्या. गंजाचा डाग दिसला की मे महिन्यातच पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट लावून टाकायचं, जूनमध्ये काही सुकत नाही. फक्त मागच्या गॅसच्या नळ्यांजवळ घासाघाशी करू नका, नळीला भोक पडलं की खर्च कुठल्या कुठे जातो. दाराच्या रबरात काळी बुरशी बसते, ती साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने काढायची, मग दारात एक कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा, सटकन आला तर रबर ढिलं झालंय.

आता विहिरीचा पंप. गेल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट, घरात मुंबईची अकरा माणसं, टाकी रिकामी, स्विच टाकला तर पंप नुसता हंऽऽ करतोय, फिरत नाही. पावसाळाभर अंगणातच पाणी म्हटल्यावर जून-जुलैत पंप कोणी लावलाच नव्हता आणि आत गंजून जाम. असा आवाज आला की लगेच बंद करायचा, दोन-चार मिनिटं तसाच ठेवला तर वाइंडिंग जळतं. मग मेन स्विच खाली करून मागच्या पंख्यावरचं कव्हर काढायचं आणि पंखा हाताने हळूहळू दोन्ही बाजूंना हलवायचा, सुटला तर सुटला, नाहीतर मेकॅनिकला बोलवा, पाना लावून जोर करू नका. आमचा सुटला, पण तेवढ्या वेळात भावोजी दोन कळश्या काढून दमले होते. तेव्हापासून भर पावसातही आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पंप लावतो, पाणी परत विहिरीत सोडलं तरी चालेल.

मिक्सर. आपल्याकडे रोज खोबऱ्याचं वाटप, त्यामुळे भांडं सगळ्यात आधी जातं. भांड्याच्या बुडाशी काळपट तेलकट पाणी यायला लागलं की पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलाय, तो काळेपणा खोबऱ्यात उतरतो, भांडं फेकू नका, बुश बदलून मिळतो. वाटून झाल्यावर भांडं धुऊन उलटं सुकवायचं. मिक्सर एकदम बंद पडला तर जळला म्हणून रडायच्या आधी तळाला लाल बटण असतं बघा, ओव्हरलोडने ते बाहेर येतं, थोडं थंड होऊ द्या आणि दाबा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

वॉशिंग मशीनचं फार काही नाही, पाणी हळू भरत असेल तर मागचा इनलेट पाइप सोडवून आतली जाळी धुवा, विहिरीच्या पाण्याची लाल माती तिथेच अडकते. एसीच्या बाहेरच्या युनिटवरही प्लग काढून किंवा बोर्डातला एमसीबीचा खटका खाली करून साध्या पाण्याचा हलका फवारा मारायचा, प्रेशरने नको, पत्र्या वाकतात.

अर्थिंगकडे कोणी बघत नाही. आपल्याकडे जांभा, उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग नावापुरतं राहतं, म्हणून मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, खटका पडला पाहिजे, नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन. आणि आभाळ भरून आलं की गडगडायच्या आधीच टीव्हीचा प्लग तर काढाच, डिशची नाहीतर नेटची वायरही काढा, वीज तिकडूनही येते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, फिल्टरचं किंवा पावसाचं नाही, आणि खुणेच्या वर भरू नका. टर्मिनलवर पांढरंहिरवं जमलं असेल तर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करून, सुकवून, व्हॅसलिन फासायचं. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरची लाइन चालू असते, स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी तोही बंद करा.

चाकरमान्यांनो, घर बंद करून जाताना फ्रिज रिकामा करून, पुसून, दारात घडी घातलेलं फडकं अडकवून उघडा ठेवा, नाहीतर पुढच्या मेमध्ये आतला वास बघून पुन्हा बंद कराल. आणि चावी शेजारी देऊन ठेवा, महिन्यातून एखाद्या दिवशी पंखे आणि पंप लावायला सांगा. आमच्या शेजारच्या बंद घराचं काम मीच करतो, बदल्यात त्यांच्या परसातले फणस आमचे.