विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसताय? जागा निवडताना या चुका टाळा

परीक्षा जवळ आल्या की विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर दार उघडण्याआधीच रांग लागते. दार उघडलं की पंख्याखालच्या, प्लगजवळच्या, भिंतीकडच्या खुर्च्या पाच मिनिटांत भरतात. दुपारपर्यंत त्याच खुर्च्यांवर कुणी पेंगत असतं, कुणी तिसऱ्यांदा चहाला निघालेलं असतं. मुलं मेहनती आहेत, लांबून बस धरून येतात, म्हणून हे बघून वाईट वाटतं. त्यांनी जागा मिळवली, पण आज कोणतं काम करायचंय हे ठरवून ती निवडली नाही.

सगळ्या कामांना एकच खुर्ची

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पाठांतर, संदर्भ शोधणं, प्रबंधाचं प्रकरण लिहिणं आणि गणितं सोडवणं या चार कामांना चार वेगळ्या जागा लागतात. समजा, तुम्ही मराठी साहित्यात एम.ए. करताय आणि आज निबंधासाठी दहा-बारा पुस्तकं चाळायची आहेत. ड्यूई वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत, वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली असतं. ते कपाट वरच्या मजल्यावर आणि तुम्ही तळमजल्यावरच्या वाचनकक्षात, असं असेल तर सकाळ जिन्यातच जाते. त्या दिवशी कपाटाशेजारचं साधं लाकडी टेबल गाठा. तिथे प्लग नसला तरी चालेल. पुस्तक हाती घ्यायचं, अनुक्रमणिका आणि सूची बघायची, कामाचं नसेल तर कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या ठिकाणी ठेवून पुढचं काढायचं. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र. कपाटं वाचकाला खुली ठेवण्यामागे हाच विचार आहे, त्याचा फायदा घ्या.

कोश, गॅझेटियर यांसारखी संदर्भ विभागातली पुस्तकं सहसा घरी मिळत नाहीत. ज्याला ती लागतात त्याला तिथेच बसावं लागतं. म्हणून स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन येणाऱ्यांनी संदर्भ विभागातली टेबलं अडवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी वाचनकक्ष आहे, बऱ्याच ठिकाणी वेगळी अभ्यासिकाही असते. कित्येक ग्रंथालयांत संदर्भ विभागात स्वतःची पुस्तकं न्यायला मनाईच असते, तेव्हा आधी विचारून घ्या.

सकाळच्या उजेडावर भरवसा

सकाळी आठला पश्चिमेची खिडकी सुरेख वाटते. तीननंतर तेच ऊन थेट वहीवर येतं आणि लॅपटॉपचा पडदा दिसेनासा होतो. खिडकी पाठीशी किंवा समोर न घेता बाजूला घ्या. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट बसावं. जुन्या वास्तूंमध्ये या गोष्टीचा नीट विचार केलेला दिसतो. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं राजाबाई टॉवरचं ग्रंथालय १८७८ साली पूर्ण झालं, विजेचे दिवे रुळण्याच्या आधी. उंच छत आणि मोठमोठ्या खिडक्या ही तेव्हा वाचनाची गरजच होती. तिथे बसणार असाल तर मनोऱ्यातल्या घड्याळाचे ठोके दर पंधरा मिनिटांनी पडतात, हे लक्षात ठेवा. काहींची तंद्री मोडते, काही जण त्यावरच आपली वाचनाची पाळी बसवतात.

पंख्याच्या थेट खाली सुटे कागद घेऊन बसू नका, निम्मं लक्ष कागद धरण्यात जातं. वातानुकूलित कक्षाची ओढ सगळ्यांनाच असते, पण गर्दीच्या बंद खोलीत दुपारी हवा कोंदट होते आणि झोप येते. जेवणानंतरचे दीड-दोन तास हवेशीर, थोड्या वर्दळीच्या ठिकाणी लिहिण्याचं किंवा गणितांचं काम काढा. वाचन पुन्हा चारनंतर. पावसाळ्यात खिडकीलगतची जागा घेण्याआधी टेबलावरून हात फिरवून बघा. ओल लागली तर पुस्तकासाठी तरी दुसरीकडे बसा.

फक्त शांतता शोधणं

पंख्याची घरघर काही वेळाने कानांना जाणवेनाशी होते. शेजारची कुजबुज मात्र वाचनात घुसते, कारण ती भाषा आपल्याला कळते आणि मन अर्थ लावत बसतं. त्यामुळे आवाज किती यापेक्षा कसला, हे बघा. देवघेव काउंटर, जिन्याचं तोंड, पाण्याचा कूलर आणि झेरॉक्सचा कोपरा, इथे माणसं थांबतात आणि बोलतात. एखादी जागा कायमची पसंत करण्याआधी ज्या वेळी अभ्यास करणार त्याच वेळी तिथे पंधरा मिनिटं बसून पाहा. सकाळचा निवांत कोपरा दुपारी तास सुटल्यावर बाजार झालेला असतो.

चौघांनी एक टेबल

चर्चा हवी असेल तर चर्चाकक्ष मागा, नाहीतर कँटीन आहेच. वाचायचं असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा आणि चहाला भेटा.

वही ठेवून जागा धरणं

खुर्चीवर वही, खुर्ची रिकामी, आणि गावाहून आलेली एखादी मुलगी पुस्तक छातीशी धरून उभी. हे थांबायला हवं. चहाला दहा मिनिटं गेलात तर कुणी काही म्हणणार नाही. जेवायला किंवा तासाला जाणार असाल तर सामान उचला. टेबलावर सोडलेला लॅपटॉप चोरीला जातो तो वेगळाच. बॅग बाहेरच्या कप्प्यात ठेवावी लागत असेल तर ओळखपत्र, चार्जर आणि पाण्याची बाटली आधीच काढून घ्या.

वर्षभर तोच कोपरा

१९७८ साली स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तीच शब्दयादी दोन वेगळ्या खोल्यांत अभ्यासणाऱ्यांना एकाच खोलीत दोनदा अभ्यासणाऱ्यांपेक्षा ती नंतर जास्त आठवली. पेपर आपल्या लाडक्या कोपऱ्यात होत नसतो, तेव्हा उजळणीसाठी अधूनमधून जागा बदला. प्रबंध लिहिणाऱ्यांना मात्र मी ठरलेलीच जागा सुचवेन. तिथे आठवणीपेक्षा रोज बसण्याची सवय महत्त्वाची.

तरीही अडलं तर

जागाच मिळत नसेल तर आपल्या विभागाचं ग्रंथालय गाठा. मुख्य ग्रंथालय ओसंडून वाहत असताना विभागीय ग्रंथालयातली दोन-चार टेबलं बऱ्याचदा मोकळी असतात आणि विषयाची पुस्तकं हाताशी असतात. मुख्य ग्रंथालयातच बसायचं असेल तर जेवणाच्या वेळी या, सकाळची तुकडी तेव्हा उठते.

रात्री उशिरापर्यंत बसायचं असेल तर परतीची वाट आधी ठरवा. पुणे विद्यापीठाचा परिसर ४०० एकरांहून मोठा आहे, आणि इतर विद्यापीठांतही वसतिगृहापर्यंतचं अंतर कमी नसतं. सोबत कोण आहे, दिवे कुठल्या रस्त्याला आहेत, शेवटची बस कधी, हे बसण्याआधीच बघा.

शेजारी कुणी सतत बोलत असेल तर भांडू नका. एकदा हळूच सांगा, नाही ऐकलं तर काउंटरवर कळवा. प्लग बंद असेल, दिवा लुकलुकत असेल तर सूचनावहीत लिहा. लिहिताना मजला, टेबल, वेळ आणि नेमकी अडचण नोंदवा. ‘दिवे नीट नाहीत’ एवढंच लिहिलं तर कुणाला काही कळत नाही. ‘दुसरा मजला, खिडकीकडून तिसरं टेबल, संध्याकाळी सहानंतर दिवा लुकलुकतो’ असं लिहिलं तर वायरमनला तिथेच पाठवता येतं.