सीमाभागातून कॉलेजचा अर्ज भरताय? या चुका टाळा

निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं फाइल घेऊन माझ्याकडे येतात. मराठी शाळेत दहावी केलेली, पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, झालेली किंवा करायची असलेली. बहुतेकांचं मार्कांमुळे काही अडत नाही, अडतं ते कागदांमुळे. आणि चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती एकच: अर्ज दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं होणं.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचं सांगतो. पीयूसी सायन्सला चांगले मार्क, महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटीही दिलेली. इंजिनिअरिंगला कोल्हापूर-सांगलीकडे जायचं ठरलेलं. अर्ज भरायला सायबर कॅफेत गेला. गर्दी होती, भरणाऱ्याने पत्त्यात कर्नाटक पाहिलं आणि उमेदवारीच्या रकान्यात 'महाराष्ट्राबाहेरील' निवडून टाकलं. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी सीईटी सेलच्या प्रवेशात वेगळा प्रकार आहे, 'टाइप ई'. त्याला मुख्य दाखले दोन: गाव त्या सीमाभागात येतं याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. या मुलाचं गाव यादीत होतं, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नव्हती. पडताळणीची मुदत संपल्यावर वडील प्रिंट घेऊन आले. "सर, नंबर का लागला नाही, जरा बघा की." मी त्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि काही न बोलता कागदाची घडी घातली. मुलाने त्या वर्षी बेळगावातच बीएस्सीला नाव घातलं.

तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. अर्ज कोणीही टाइप करो, शेवटचं बटण दाबण्याआधी त्याची प्रिंट घरी न्यायची आणि आईसमोर एकेक ओळ मोठ्याने वाचायची. अर्धा तास जातो. "सर, साइट स्लो आहे, आजच टाकून देतो," म्हणणाऱ्यांना मी अजिबात सूट देत नाही. दाखल्यांचंही तसंच. मातृभाषेच्या दाखल्याचं शाळेत टीसी घेतानाच विचारा, आणि गावाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट बघू नका. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दाखल्याचा नमुना असतो, तोच छापून न्या. साध्या कागदावर लिहून आणलेला दाखला हमखास परत येतो.

नावाचं दुखणं वेगळं. आपण ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने सुरू करतो. कन्नड लिपीवरून इंग्रजीत नेणारा तेच 'जे-एन'ने सुरू करतो. मग आधारवर एक मुलगा आणि एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर दुसराच. दहावीच्या कार्डावर जे नाव येणार तेच प्रमाण धरा आणि बाकी कागद त्याला जुळवून घ्या, तेही आठवी-नववीतच. ऐनवेळी प्रतिज्ञापत्रासाठी धावणारे पालक पाहून जीव तुटतो.

एसएसएलसी ६२५ मार्कांची आहे, कारण प्रथम भाषेचा पेपर १२५ चा. ५५० मिळाले असतील तर ८८ टक्के. महाराष्ट्रातल्या अर्जात सवयीने एकूण ५०० लिहू नका, आणि बेरीज जुळत नाही म्हणून मराठीचा विषय तर मुळीच गाळू नका.

मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बेळगावचं केंद्र हवं असेल तर भाषा निवडतानाच विचार करा.

कर्नाटकच्या सीईटीत ग्रामीण कोटा १५ टक्के आहे. पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांनाही तो मागता येतो. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा वेगळा. दोन्ही एकच समजून मुलं दोन्ही रकाने रिकामे सोडतात. शाळेच्या दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही घ्यायला विसरू नका.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. मराठी माध्यम ही कमतरता आहे असं मानून मुलं पीयूसीच्या पहिल्याच आठवड्यात जुनी पुस्तकं रद्दीत घालतात आणि इंग्रजी गाइड पाठ करायला घेतात. हा शॉर्टकट नाही, हा खड्डा आहे. एक मुलगी दोन महिने वर्गात गप्प बसायची. सरांनी एलसीएम काढायला सांगितलं की खाली बघायची. मी तिला ओट्यावर बसवून म्हटलं, "१२ आणि १८ चा लसावि सांग." डोळ्याची पापणी लवायच्या आत ३६ म्हणाली. गणित तिला येत होतं, फक्त त्याचं इंग्रजी नाव कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तिला दोनशे पानी वही दिली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे त्वरण, उजवीकडे ॲक्सिलरेशन. संवेग, मोमेंटम. चल, व्हेरिएबल. रोज दहा शब्द, आणि प्रत्येक शब्दाखाली दहावीच्या मराठी पुस्तकातलं एक वाक्य. पाठांतर नाही, जुनं समजलेलं नव्या नावाने ओळखणं. दिवाळीपर्यंत वही निम्मी भरली आणि ती वर्गात हात वर करू लागली. उन्हाळ्यात निकाल दाखवायला आली तेव्हा ती वही तिने धाकट्या भावाला दिली होती. तो नववीत होता आणि त्याने उजव्या रकान्यात स्वतःचे शब्द भरायला सुरुवातही केली होती.