जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? डिस्ट्रोला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, आणि त्याच्यावर मी एका महिन्यात चार डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे तयार संच) टाकल्या आणि चारही उडवल्या. लुबुंटू, एमएक्स लिनक्स, अँटीएक्स, पपी, याच क्रमाने. आता कळतंय की चौघींचाही काही दोष नव्हता, घोळ सगळे माझे होते. आणि कोणी "सगळ्यात हलकी डिस्ट्रो सांगा ना" म्हणून विचारतं तेव्हा खोदून बघितलं तर बहुतेक वेळा यातलाच एखादा घोळ निघतो.

स्लो आहे म्हणून डिस्ट्रो बदलणे, डिस्क न तपासता

लुबुंटू उडवलं कारण बूट व्हायला चार मिनिटं लागत होती आणि मेनूवर क्लिक केलं की वाट बघत बसायचं. मी म्हटलं एवढं हलकं म्हणतात आणि हे असं? शेवटी पपी टाकलं तेव्हा मात्र लॅपटॉप सुसाट पळायला लागला, मला वाटलं सापडलं औषध, आणि दोन दिवसांनी डिस्कवरची एक मोठी फाइल कॉपी करायला घेतली तर सगळं जागच्या जागी थिजलं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पपी बूट होताना स्वतःला रॅममध्ये चढवून घेतं, मग हार्ड डिस्कला फारसं विचारतच नाही, म्हणून पळत होतं. डिस्कच मरायला टेकली होती.

तपासायला पाच मिनिटं लागतात. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता, बूट करा, डिस्क्स नावाचं अॅप असेल तर त्याच्या मेनूत स्मार्ट डेटा (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा, नसेल तर स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाका. दोन ओळी शोधायच्या, रीअलोकेटेड सेक्टर काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर. दोन्हीकडे शून्य हवा. माझ्याकडे पेंडिंगमध्ये २१२ होते, म्हणजे डिस्क तो भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसायची आणि अख्खी सिस्टिम तिच्या तोंडाकडे बघत बसायची. असं दिसलं तर आधी डेटा काढून घ्या, डिस्ट्रोचं नंतर बघू. आणि डिस्क ठणठणीत असली तरी फिरणारी डिस्क काढून साटा एसएसडी टाकल्यावर जो फरक पडतो तो कुठल्याच डिस्ट्रोने पडत नाही, हे मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

तात्पुरता उपाय कायमचा करून ठेवणे

एमएक्सचं वेगळंच झालं. लाइव्ह बूट करताना स्क्रीन काळी पडली, मग शोधून नोमोडसेट (nomodeset) हा पर्याय सापडला. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना येणाऱ्या, मेनूत ई दाबायचं, linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो शब्द टाकायचा आणि एफ१० दाबायचं. स्क्रीन आली, मी खूश, आणि इन्स्टॉल झाल्यावर तोच शब्द ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा ठोकून दिला. इथे माती खाल्ली. नोमोडसेट असलं की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालूच होत नाही, सगळं चित्र प्रोसेसरला काढावं लागतं, त्यामुळे विंडो ओढली तरी प्रोसेसर १०० टक्क्यांवर. तो शब्द फक्त आत शिरायला आहे. आत शिरलात की अपडेट करा, ड्रायव्हर लागतोय का बघा, आणि मग तो काढून बूट करून बघाच.

फ्री रॅम बघून घाबरणे

रॅम दाखवणारी फ्री (free) कमांड चालवली, टोटल १.९ जीबी, फ्री ९० एमबी, बापरे! पण शेजारच्या अव्हेलेबल कॉलममध्ये १.१ जीबी असतात ते कोणी बघत नाही. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि कोणाला लागली की सोडून देतं, त्यामुळे बघायचं ते अव्हेलेबल.

"माझी डिस्ट्रो १५० एमबीत चालते" हा जो स्क्रीनशॉटचा खेळ असतो ना, त्याचाही उपयोग तेवढाच, कारण ब्राउझर उघडला आणि पाच टॅब लावले की दीड जीबी कुठे गेली कळत नाही, मग खाली १५० होते की ३५० याने काय फरक पडतो. डिस्ट्रोच्या नावापेक्षा तिचा डेस्कटॉप, म्हणजे विंडो आणि मेनू दाखवणारा भाग, बघा. मिंट ही डिस्ट्रो सिनॅमन डेस्कटॉपसकट टाकून जड वाटत असेल तर फॉरमॅट करायची गरज नाही, त्याच्यावरच एक्सएफसीई किंवा आइसडब्ल्यूएम असं हलकं काहीतरी टाका आणि लॉगिनच्या स्क्रीनवर ते निवडा. २ जीबीवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य ठेवू नका, नाहीतर रॅम संपली की मशीन गोठतं आणि पॉवर बटण दाबून धरावं लागतं. झेडरॅम लावलंत तर उत्तम, ते रॅममध्येच कमी लागणारा डेटा दाबून लहान करून ठेवतं. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे.

व्हिडिओ अडकत असेल तर तोही रॅमचा प्रश्न नसतो बहुतेक वेळा. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, जुन्या ग्राफिक्स चिपला ते येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरला एच२६४ हा जुना फॉरमॅट मागायला लावणारं एक्सटेन्शन मिळतं ते टाका आणि ४८०पी किंवा ७२०पीवर समाधान माना.

जुना म्हणजे ३२ बिटच असणार असं धरून चालणे

कोअर टू ड्युओ २००६ पासूनचे, आणि ते ६४ बिट आहेत. एलएससीपीयू (lscpu) कमांड द्या, ऑप-मोडच्या ओळीत ६४ बिट लिहिलेलं असेल तर डोळे झाकून ६४ बिट आयएसओ (डिस्ट्रोची डाउनलोड करायची फाइल) घ्या, रॅम थोडी जास्त जाते पण ३२ बिटचं दुकान आवरायला लागलंय. क्रोमने लिनक्सवर ते २०१६ मध्येच बंद केलं, डेबियन १३ ने २०२५ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला, फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठी शेवटची नेहमीची आवृत्ती. अॅटम एन२७० वाले छोटे नेटबुक मात्र खरंच ३२ बिट आहेत, त्यांच्यासाठी अँटीएक्स २३ ची ३२ बिट आयएसओ आहे, पण आधुनिक साइट त्यावर चालतील अशी आशा ठेवू नका.

जुन्या याद्या वाचून डिस्ट्रो निवडणं हाही त्यातलाच प्रकार. क्रंचबँग या डिस्ट्रोचं नाव अजून कुठे कुठे दिसतं, ती २०१५ मध्ये बंद झाली.

पेन ड्राइव्हबद्दल थोडक्यात. आयएसओ कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफस किंवा व्हेंटॉय हे प्रोग्रॅम वापरा, रुफसमध्ये जुन्या बायोससाठी एमबीआर हा पर्याय निवडा, आणि चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघा. यूएसबी २.० वर लाइव्ह सिस्टिम रखडणारच, वेग तिथे तपासायचाच नसतो. तिथे बघायचं वायफाय लागतं का (ब्रॉडकॉमची चिप असेल तर हमखास नखरे), आवाज येतो का, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का.

राहिलं अँटीएक्स. ते मी उडवलं कारण एकही साइट उघडत नव्हती, जिथे जाल तिथे सर्टिफिकेटची बोंब, मी म्हटलं ब्राउझरच भंगार दिलाय. नंतर एसएसडी बसवायला लॅपटॉप उघडला, बायोसमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २००९. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे चार्जर काढला की घड्याळ मागे जायचं आणि ब्राउझरच्या दृष्टीने सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मालाच यायची होती. बॅटरी बदलली. आता त्याच लॅपटॉपवर अँटीएक्सच आहे, आणि हे त्याच्यावरच टाइप केलंय.