लॉगबुकातली सही आणि हातातलं काम

कोणाची ड्यूटी कोणत्या वॉर्डात, ही पोस्टिंगची यादी लागली की नर्सिंगच्या विद्यार्थिनी आधी सुट्ट्या मोजतात. गेली बारा वर्षं मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून त्यांच्याबरोबर वॉर्डात उभी आहे, म्हणून सांगते: आधी लॉगबुक उघडा, म्हणजे केलेल्या प्रत्येक कामाची नोंद आणि त्यावर सही घ्यायची ती वही. तास कसेतरी भरतात. शेवटच्या महिन्यात रडकुंडीला आणतात त्या न झालेल्या प्रोसिजर.

तरीही तासांचा नियम माहीत हवा. युरोपीय संघात नर्सिंगच्या पायाभूत शिक्षणाला किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातले निदान निम्मे क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटजवळचे, असावे लागतात. भारतात बी.एस्सी. नर्सिंगची पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे तापाने बुडालेली ड्यूटीसुद्धा नंतर भरून द्यायची असते. म्हणून स्वतःची एक वही ठेवा: तारीख, वॉर्ड, शिफ्ट, तास, सही कोणाची. कॉलेजच्या रजिस्टरवर विसंबू नका. दोन्हींत फरक निघाला तर त्याच आठवड्यात बोला. सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही.

आता प्रोसिजर. लॉगबुकातल्या ज्या गोष्टी रोज मिळणार नाहीत, त्यांच्यावर पहिल्याच दिवशी पेन्सिलने खूण करा. इंजेक्शन, ड्रेसिंग, बेड बाथ रोज मिळतात. बाळंतपण वेळापत्रक बघून येत नाही. युरोपात मिडवाइफचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला स्वतः ४० बाळंतपणं करावी लागतात, केसेसच कमी असतील तर निदान ३०, आणि वर आणखी २० मध्ये मदत. असा आकडा शेवटच्या पंधरवड्यात गाठता येत नाही. ड्यूटीला पंधरा मिनिटं आधी या, आधीच्या शिफ्टने पुढच्या शिफ्टला दिलेली पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, ऐका आणि इनचार्ज सिस्टरना स्पष्ट सांगा, "सिस्टर, मला रायल्स ट्यूब घालायला शिकायचंय, केस आली तर हाक मारा." (रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात घालायची नळी.) न सांगता कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलीला कोणी हाक मारत नाही. वॉर्डात तेवढा वेळ कोणालाच नसतो.

साध्या गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष नको. सगळ्यात जास्त खोटी नोंद श्वासाची होते. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या तक्त्यावर, एकाखाली एक २०, २०, २० दिसले की मी त्या मुलीला पेशंटजवळ घेऊन जाते. पद्धत अशी: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. श्वास मोजतोय असं पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो. बोटं तिथेच ठेवून नजर छातीकडे वळवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. आणि प्रकृती बिघडायला लागल्याची पहिली खूण पुष्कळदा याच आकड्यात दिसते.

सहीबद्दल मी इतकी कडक का, तेही सांगते. मी शिकत असताना माझ्या लॉगबुकात कॅथेटरायझेशनच्या, म्हणजे लघवीची नळी (कॅथेटर) घालण्याच्या, चार सह्या होत्या. त्यातल्या तीन वेळा मी फक्त ट्रे धरून उभी होते. एका नाइट ड्यूटीला लघवी अडलेल्या एका आजींना कॅथेटर घालायचं होतं. सिस्टरनी माझ्या सह्या पाहून मला पुढे केलं. ग्लोव्ह्ज घातले आणि कळलं की पुढचा क्रम मला येत नाही. कॅथेटरचं टोक चादरीला लागलं. आजी पोट धरून कण्हत होत्या. मी सिस्टरना खरं सांगितलं. त्यांनी नवं कॅथेटर उघडलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि एकेक पायरी करून घेतली. चुकून योनीमार्गात गेलं तर ते तसंच राहू द्यायचं, म्हणजे जागा कळते, आणि दुसरं निर्जंतुक कॅथेटर घ्यायचं. लघवी नळीत दिसल्यावर अजून थोडं आत सरकवायचं आणि मगच नळी आत टिकवणारा तिच्या टोकाजवळचा फुगा भरायचा. हे मी त्या रात्री शिकले, सही मात्र कधीच झाली होती.

म्हणून नोंद तीन प्रकारे करा: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं. नोंद त्याच दिवशी लिहा, सहीही त्याच दिवशी घ्या. आणि पेशंटला आधी सांगा की मी विद्यार्थिनी आहे, मॅडम माझ्याबरोबर आहेत, चालेल ना? पेशंट नाही म्हणाला तर त्याचा मान ठेवून बाजूला व्हा.

स्किल लॅबचे, म्हणजे कॉलेजात पुतळ्यावर सराव करण्याचे, तास वाया जाणारे समजू नका. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास उत्तम दर्जाच्या सिम्युलेशनने, म्हणजे अशाच नकली प्रसंगांतल्या सरावाने, भरलेल्या विद्यार्थ्यांची तयारी इतरांच्या बरोबरीची निघाली. पण तिथे नीट शिकवणारं माणूस शेजारी होतं. पुतळा पाय आखडत नाही, लाजत नाही. तेव्हा ट्रे लावण्याचा क्रम लॅबमध्येच इतका पक्का करा की वॉर्डात लक्ष पेशंटच्या चेहऱ्याकडे राहील.

पोस्टिंग संपायच्या एक महिना आधी लॉगबुक घेऊन इन्स्ट्रक्टरसमोर बसा आणि रिकाम्या जागा दाखवा. "मॅडम, सही आहे पण मला हे येत नाही," असं एखादीने सांगितलं, तर मी त्याच दुपारी ट्रे लावून तिच्या शेजारी उभी राहते.