दुसऱ्या दीर्घिकेतले ग्रहणी जोडतारे: लॅपटॉपवर अभ्यास कसा करायचा

ग्रहणी जोडतारे म्हणजे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकणारे दोन तारे. आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांत, म्हणजे मॅगेलनी मेघांत, ते भरपूर आहेत. मोठा मॅगेलनी मेघ लातुरातून क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश येतो. छोटा मेघ तर मराठवाड्यात उगवतच नाही. त्यामुळे इथून हा अभ्यास दुर्बिणीने नाही, डेटावर करायचा. चिलीतल्या लास कॅम्पानासची १.३ मीटरची वॉर्सा दुर्बीण ओगल या पोलिश तारा-निरीक्षण प्रकल्पासाठी हे दोन्ही मेघ वर्षानुवर्षे टिपते आहे. तिथल्या ४८,६०५ ग्रहणी जोडताऱ्यांची यादी २०१६ साली आली आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. एका ताऱ्याची फाइल इतकी लहान असते की गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं.

सुरुवातीला तारा नीट निवडा, अर्धं काम तिथेच होतं. आय (अवरक्ताजवळच्या) फिल्टरमधली प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका मोठा तितका तारा मंद), १५ ते १७, आवर्तकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, २ ते १० दिवस, दोन्ही ग्रहणं ठसठशीत आणि मधला भाग सपाट, असा तारा घ्या. मधला भाग फुगीर असेल तर तारे एकमेकांच्या ओढीने लांबट झालेले असतात. असल्या जोडीला नवख्याने हात लावू नये.

फाइलमध्ये तीन रकाने असतात: ज्यूलियन दिनांक, प्रत आणि त्रुटी. दिनांकातून २४,५०,००० वजा केलेत का, ते सोबतच्या माहितीफाइलमध्ये आधी बघा. मग दिनांकातून मुख्य ग्रहणाचा क्षण वजा करा, उरलेल्याला आवर्तकालाने भागा आणि फक्त अपूर्णांक ठेवा. ही झाली कला. कलेसमोर प्रत मांडली की विखुरलेल्या ठिपक्यांतून ग्रहणाचे दोन खड्डे उभे राहतात. प्रतीचा अक्ष उलटा ठेवायला विसरू नका.

खड्डे पसरट, फिसकटलेले दिसले तर आवर्तकालावर संशय घ्या. ३ दिवसांच्या ताऱ्याची ८ वर्षांची मोजमापं म्हणजे साधारण ९७० फेऱ्या. आवर्तकालात ०.०००१ दिवसाची चूक असेल तर शेवटच्या फेरीपर्यंत ग्रहण कलेत ०.०३ ने सरकतं आणि खड्ड्याच्या कडा पुसट होतात. पाचवा-सहावा दशांश म्हणूनच सोडायचा नाही.

आवर्तकाल स्वतः शोधणार असाल तर लोम्ब-स्कार्गल पद्धतीवर एकट्यावर विसंबू नका. ती लाटेसारखा बदल शोधते, ग्रहणं मात्र टोकदार असतात. दोन्ही खड्डे जवळपास सारखे खोल असले की ती हमखास निम्मा आवर्तकाल देते. दुप्पट करून पाहा: ०.५ कलेवर वेगळ्या खोलीचा खड्डा दिसला तर दुप्पट आकडाच खरा. पायथनच्या अॅस्ट्रोपाय या खगोल-लायब्ररीमधली बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स ही पद्धत इथे जास्त उपयोगी पडते. आवर्तकाल १ किंवा २ दिवसांच्या अगदी जवळ आला तर सावध व्हा. दुर्बीण फक्त रात्री बघते, त्यामुळे असे खोटे आकडे निघतात आणि खरे असले तरी कलेत भगदाडं पडतात.

आता प्रतीचं प्रकाशात रूपांतर करा. ०.३ प्रतीचा खड्डा म्हणजे सुमारे २४ टक्के प्रकाश कमी. मग ताऱ्यांची मापं काढणारा प्रोग्रॅम त्यावर चालवा. गोल, सुट्या ताऱ्यांसाठी जेकेटी-ईबॉप हलका आणि वेगवान आहे; आकार बिघडलेल्यांसाठी फीबी. कललेपणा (कक्षा आपल्याला किती कडेने दिसते), त्रिज्यांची बेरीज, त्रिज्यांचं गुणोत्तर आणि पृष्ठतेजाचं गुणोत्तर एवढेच आकडे आधी मोकळे सोडा, म्हणजे प्रोग्रॅमला बदलू द्या. ग्रहण अर्धवट असेल तर त्रिज्यांचं गुणोत्तर घसरत राहतं आणि वेगवेगळ्या उत्तरांचे आलेख तंतोतंत सारखे दिसतात. वर्णपटातून दोघांच्या प्रकाशाचं गुणोत्तर मिळाल्याशिवाय तो तिढा सुटत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो तिसरा प्रकाश, म्हणजे जोडीबाहेरच्या ताऱ्याचा मिसळलेला उजेड. मोठ्या मेघाच्या अंतरावर १ कोनीय सेकंदात (अंशाच्या ३,६०० व्या भागात) ०.२४ पार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) मावतात, म्हणजे शेजारचा तारा त्याच ठिपक्यात सहज मिसळतो. देवयानी दीर्घिकेत तर तेवढ्यातच जवळपास ३.७ पार्सेक येतात. परक्या प्रकाशाने खड्डा उथळ होतो आणि कललेपणा खऱ्यापेक्षा कमी निघतो. गणित एकदा तिसऱ्या प्रकाशासह आणि एकदा त्याच्याशिवाय करा. उत्तरं फार वेगळी आली तर तो तारा सोडून द्या.

प्रकाशवक्रातून, म्हणजे या तेजाच्या आलेखातून, त्रिज्या मिळतात त्या कक्षेच्या तुलनेत, किलोमीटरमध्ये नाही. खरं माप दोन्ही ताऱ्यांच्या अरीय वेगांतून, म्हणजे आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगांतून, येतं. वर्तुळाकार कक्षेसाठी ०.०१९८ × आवर्तकाल (दिवस) × दोन्ही वेग-आयामांची बेरीज (किमी/सेकंद) म्हणजे कललेपणाच्या साइनने गुणलेली कक्षा, सूर्यत्रिज्यांमध्ये. ४ दिवस आणि ४०० किमी/सेकंद धरले तर साधारण ३२.

हे वेग मोठ्या दुर्बिणीशिवाय मोजता येत नाहीत, म्हणून सराव झाल्यावर छापून आलेले वेग घ्या. २०१९ साली २० ग्रहणी जोड्यांवरून मोठ्या मेघाचं अंतर ४९.५९ किलोपार्सेक निघालं, सुमारे १ टक्का अचूकतेने. त्या जोड्या थंड राक्षसी ताऱ्यांच्या आहेत. असल्या ताऱ्यांचा रंग कळला की पृष्ठतेज आणि त्यावरून कोनीय व्यास फार नेमका काढता येतो. यांचे आवर्तकाल मात्र मोठे, काही महिन्यांचे, त्यामुळे ग्रहणात पडणारे ठिपके मोजकेच मिळतात. एक जोडी घेऊन त्रिज्या काढा, तिला ९.३ ने गुणा आणि कोनीय मिलिसेकंदातल्या (कोनीय सेकंदाचा हजारावा भाग) व्यासाने भागा: अंतर पार्सेकमध्ये येईल. २५ सूर्यत्रिज्यांच्या ताऱ्याचा व्यास तिथून ०.००४७ कोनीय मिलिसेकंद भरतो. उत्तर पाच-सात टक्क्यांनी चुकलं तर आधी धुळीमुळे आलेली लाली तपासा, मग तिसरा प्रकाश.